थकलेले हृदय : आजार, उपचार आणि भूल



काही शब्दांचा वैद्यकातील अर्थ एक असतो आणि लोकव्यवहारातील अर्थ दुसराच असतो. 'हार्ट फेल' हा असाच एक शब्द होय. आपल्या बोलण्यात 'अमुक गृहस्थ हार्ट फेलने गेले' असे म्हटले की सारे संपले, असा त्याचा अर्थ घेतला जातो. त्यामुळे एखाद्या डॉक्टरांनी रुग्णाच्या नातेवाइकांना बाजूस बोलावून 'यांना हार्ट फेल्युअर आहे' असे सांगितले की घरातील मंडळींच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. 'अहो, पण ते तर समोर बसून चहा घेत आहेत!' असा प्रश्न मनात उभा राहतो, आणि त्या गोंधळात डॉक्टरांचे पुढील बोलणे कानावर पडूनही ऐकले जात नाही.

तीन गोष्टी येथे एकमेकींत मिसळल्या जातात. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी धमनी अकस्मात बंद झाली की हृदयविकाराचा झटका येतो. हृदयाचे स्पंदन एकाएकी थांबले तर ती हृदयक्रिया बंद पडणे होय. आणि हृदय चालू असूनही शरीराच्या गरजेपुरते रक्त पुढे ढकलण्यास ते असमर्थ ठरू लागले, अथवा ते काम करण्यासाठी त्याला आतील दाब वाढवून घ्यावा लागला, की ते 'हार्ट फेल्युअर' होय. या शेवटच्या अवस्थेस 'थकलेले हृदय' म्हटले तर ते वस्तुस्थितीस अधिक धरून होईल. बैल थकला म्हणून तो मेला असे कोणताही शेतकरी म्हणत नाही. तो त्याच्या खांद्यावरचे ओझे कमी करतो, वैरण पाहतो, आणि पुन्हा जुंपताना विचार करतो. या आजाराच्या उपचाराचे तत्त्व जवळजवळ हेच आहे, ही गोष्ट पुढे स्पष्ट होईल.

मुठीएवढ्या आकाराचे हे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि स्वस्थ बसलेल्या माणसातही दर मिनिटाला अंदाजे ५ लिटर रक्त फिरवते. त्याचा खालचा डावा कप्पा, म्हणजे डावी जवनिका, हा या यंत्रातील मुख्य पंप होय. या कप्प्यात साठलेल्या रक्तापैकी प्रत्येक ठोक्याला किती टक्के बाहेर पडते याचा आकडा 'इको' या तपासणीत मिळतो. निरोगी माणसातही तो १०० नसतो, सर्वसाधारणपणे ५५ ते ७० च्या दरम्यान असतो. अहवालावर '६० टक्के' असे वाचून 'चाळीस टक्के हृदय गेले' अशी समजूत करून घेणारे सुशिक्षित लोकही आढळतात, म्हणून हे मुद्दाम सांगावयाचे. हा आकडा ४० वा त्याखाली आला, तर पंप अशक्त झाला असे समजले जाते. मात्र सुमारे निम्म्या रुग्णांत हा आकडा चांगला असूनही आजार असतो. त्यांचे हृदय ताठर झालेले असते व ते नीट सैल होऊन भरत नाही. दीर्घकाळचा रक्तदाब, मधुमेह, स्थूलता व उतारवय यांचा तो परिणाम असतो.

हृदय थकले की शरीर स्वतःच त्यात भर घालते, ही या आजारातील विलक्षण गोष्ट होय. मूत्रपिंडांकडे रक्त कमी येऊ लागले की शरीरात पाण्याची टंचाई झाली असावी असा त्यांचा समज होतो. दुष्काळात बंधाऱ्याची दारे बंद करावीत त्याप्रमाणे ती मीठ व पाणी अडवून धरतात. प्रत्यक्षात दुष्काळ नसतोच, पाणी वाहून नेणारा पंप तेवढा दुबळा असतो. मग अडविलेले पाणी फुप्फुसांत, पायांत, यकृतात व पोटात साठू लागते. चालताना धाप लागते. उताणे निजल्यावर श्वास कोंडतो, एका उशीच्या दोन, दोनाच्या तीन उशा होतात. मध्यरात्री माणूस घाबरा होऊन उठतो आणि खिडकीशी जाऊन बसतो. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबले तर खळगा राहतो. भूक मरते, पोट तटतटते. गावोगाव या लक्षणांना निरनिराळी नावे मिळतात. धापेला दमा, पोट फुगण्याला पित्त किंवा वायू, आणि पायांच्या सुजेला वय, अशी त्यांची वाटणी होऊन जाते. तिन्ही लक्षणे एकाच माणसात एकत्र पाहणारा घरात कोणी नसला, की मोलाचे महिने वाया जातात.

केरळात २०१३ साली तिरुवनंतपुरम जिल्ह्यात या आजारासाठी रुग्णालयांत दाखल झालेल्या १२०५ रुग्णांची पद्धतशीर नोंद झाली. त्यांचे सरासरी वय ६१ वर्षे होते. पाश्चात्त्य देशांत हेच वय सत्तरीच्या पुढे जाते. यांपैकी ७२ टक्के रुग्णांत हृदयधमन्यांचा विकार हे मूळ कारण होते. याखेरीज उपचाराविना राहिलेला रक्तदाब, लहानपणी घसा दुखून आलेल्या सांधेतापाने निकामी झालेल्या झडपा, आणि मद्य ही आपल्याकडील परिचित कारणे होत.

परंतु धमन्या स्वच्छ, झडपा उत्तम, रक्तदाब ठीक, आणि तरीही हृदयाचा स्नायूच मुळात बिघडलेला, असे रुग्णही असतात. या विकाराला कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयस्नायूचा विकार असे नाव आहे. इंग्लंडमधील डॉ. वॉलेस ब्रिग्डेन यांनी १९५७ साली हा शब्द रूढ केला. त्याचे प्रमुख प्रकार तीन. पहिल्यात हृदय फुग्याप्रमाणे पसरते व भिंती दुबळ्या होतात. दुसऱ्यात उलट भिंती अकारण जाड होतात आणि कधी कधी रक्त बाहेर पडण्याची वाटच अडते. तिसऱ्यात स्नायू ताठ होऊन हृदय भरेनासे होते, पण हा प्रकार विरळा आहे. जाड भिंतींचा प्रकार बहुधा घराण्यात चालत येतो. एखाद्या कुटुंबात चांगला धडधाकट तरुण खेळता खेळता कोसळून गेला असेल, तर त्याच्या आईवडिलांची व भावंडांची हृदयतपासणी होणे अगत्याचे आहे. अशा वेळी गावात दृष्ट, करणी इत्यादी चर्चा होते, इकोचे नाव मात्र क्वचितच निघते.

हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक महत्त्वाची गोष्ट प्रसिद्ध केली. हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातील २५ अक्षरे गळालेली असण्याचा दोष भारतीय लोकांत शंभरात सुमारे चौघांत आढळतो, आणि हृदयस्नायूच्या विकाराशी त्याचा संबंध आहे. हा दोष असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे मात्र नाही. पुष्कळांचे सारे आयुष्य निर्वेध जाते.

प्रसूतीशी निगडित असलेला प्रकार विशेष विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. गरोदरपणाच्या अखेरच्या दिवसांत किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत, पूर्वी हृदयाचा कोणताही आजार नसलेल्या स्त्रीचे हृदय एकाएकी पसरून दुबळे होते. पाय सुजणे, दम लागणे, थकवा ही तर गरोदरपणाची नेहमीची लक्षणे. त्यामुळे घरात कोणाला शंका येत नाही. 'बाळंतीण आहे, अशक्तपणा असायचाच' असे म्हणून डिंकाचे लाडू व काढे चालू राहतात. सासूबाईंची माया खरी असते, पण लाडवांनी हे हृदय सुधारत नाही. बाळंतीण उताणी निजू शकत नसेल, रात्री श्वास कोंडून उठत असेल, किंवा बाळंतपणानंतर पायांची सूज ओसरण्याऐवजी वाढत असेल, तर तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले पाहिजे. उपचार वेळेवर मिळाल्यास निम्म्याहून अधिक स्त्रियांचे हृदय पुढील काही महिन्यांत पूर्ववत होते. पुढील गर्भधारणेचा निर्णय मात्र हृदयतज्ज्ञांस विचारल्यावाचून घेऊ नये, कारण तीत आजार उलटण्याचा धोका असतो. हे सांगण्यासाठी पतीलाही समोर बसविले पाहिजे. केवळ स्त्रीच्या कानावर घालून ते भागत नाही.

आता उपचारांकडे वळू. इंग्लंडमधील विल्यम विदरिंग यांनी डिजिटॅलिस या वनस्पतीच्या उपयोगावरील आपला ग्रंथ १७८५ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वैद्यकाचा भर थकलेल्या हृदयाला चाबूक मारून पळविण्यावर होता. ओझे कमी करावे ही दृष्टी नंतरची. तिची एक वाट ब्राझीलमधील एका विषारी सापाकडून आली. त्याच्या दंशाने रक्तदाब झपाट्याने का उतरतो याचा शोध घेताना जी माहिती हाती आली, तिच्या आधारे कॅप्टोप्रिल हे औषध तयार झाले व १९८१ च्या सुमारास वापरात आले. याच जातीच्या एनॅलॅप्रिल या औषधाची स्कँडिनेव्हियातील अत्यवस्थ अशा २५३ रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. औषधाविना असलेल्या गटात सहा महिन्यांत ४४ टक्के रुग्ण दगावले, औषध घेतलेल्या गटात २६ टक्के.

दुसरी वाट त्याहूनही अनपेक्षित. बीटा-ब्लॉकर ही औषधे हृदयाची गती व जोर कमी करतात. अशक्त हृदयास ती देणे म्हणजे थकलेल्याला आणखी थकविणे, असे साऱ्या पुस्तकांत लिहिलेले होते. स्वीडनमधील गोटेबर्ग येथील डॉ. वागस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली अवघ्या सात रुग्णांना ती दिली आणि त्यांना उतार पडल्याचे नोंदविले. वैद्यकविश्वास ते पटण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. आज ही औषधे उपचाराचा एक खांब होत. १९९९ साली स्पायरोनोलॅक्टोनची उपयुक्तता सिद्ध झाली, आणि २०१९ साली मधुमेहासाठी निघालेले डॅपाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्यांच्याही थकलेल्या हृदयास उपयुक्त ठरले. पंप अशक्त असलेल्या रुग्णास या चार जातींची औषधे थोड्या मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवीत नेतात. लोक जिला 'पाण्याची गोळी' म्हणतात, ती लघवी वाढविणारी गोळी सूज व धाप उतरविते आणि म्हणून रुग्णाला तीच खरी वाटते. हृदयाची राखण करणाऱ्या चार गोळ्यांचा परिणाम दिसत नाही, म्हणून त्याच प्रथम बंद होतात.

हे गोळ्या बंद करणे हा या आजारातील सर्वांत मोठा घातक प्रकार होय. माणूस बरा दिसू लागतो, शेतावर जाऊ लागतो, इकोचा आकडाही सुधारतो, आणि 'आता कशाला औषधे?' असा सल्ला देणारे चार जण भेटतात. या प्रश्नाचे उत्तर लंडनमध्ये झालेल्या एका प्रयोगाने दिले आहे. हृदय पसरण्याच्या विकारातून पूर्णपणे सुधारलेल्या ५१ जणांची त्यासाठी निवड झाली. त्यांपैकी २५ जणांची औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करीत थांबविण्यात आली. सहा महिन्यांत त्यांतील ११ जणांचा आजार उलटला. औषधे चालू ठेवलेल्या २६ जणांत त्या मुदतीत एकाचाही उलटला नाही. हे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. सुधारलेले हृदय हे बरे झालेले हृदय असतेच असे नाही. बहुधा ते औषधांनी सावरून धरलेले हृदय असते.

घरी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत, पण रोजच्या आहेत. सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्यापूर्वी, वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर ते अंगी लागलेले अन्न नसून साठलेले पाणी होय. पाय सुजण्याची वाट न पाहता डॉक्टरांस कळवावे. घरात शाळेत जाणारे मूल असेल तर आजोबांची वही त्याच्याकडे सोपविण्यास हरकत नाही, मुले अशा कामात मोठ्यांपेक्षा काटेकोर असतात. मीठ दिवसाला एका लहान चमच्याच्या आत ठेवावे. लोणचे, पापड, खारवलेली सुकी मासळी, फरसाण यांतील मीठ हिशेबात धरले जात नाही, आणि तेच अधिक असते. सैंधव हेही मीठच. 'कमी सोडियमचे' म्हणून विकले जाणारे मीठ तर डॉक्टरांना विचारल्यावाचून आणूच नये, कारण त्यातील पोटॅशियम काही औषधांच्या जोडीने धोकादायक पातळीस जाते. गुडघेदुखीवर दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मीठ व पाणी अडवितात. कित्येक रुग्ण अशा चार दिवसांच्या गोळ्यांनी पुन्हा रुग्णालयात येऊन पडतात.

औषधांनी न भागल्यास विशिष्ट पेसमेकर व झटका देऊन गती सुधारणारी उपकरणे आहेत, आणि अखेरीस हृदयारोपण आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्येच, म्हणजे केपटाऊनच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर अडीच महिन्यांच्या आत, तो प्रयत्न केला होता. तो रुग्ण वाचू शकला नाही. देशातील पहिले यशस्वी हृदयारोपण ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले. दाते थोडे व गरजू अनेक, ही अडचण मात्र कायम आहे.

ज्याचे हृदय थकले आहे त्यालाही हर्निया होतो, मोतीबिंदू होतो, हाड मोडते. मग भूल देण्याचा प्रश्न उभा राहतो. भूल आणि हृदय यांचा वाद जुना आहे, आणि त्यातील एक मोठे प्रकरण हैदराबाद शहरात घडले. इंग्लंडमध्ये जानेवारी १८४८ मध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिला असता काही क्षणांत मरण पावली, तेव्हापासून क्लोरोफॉर्म हृदय थांबवितो की श्वास, यावर तज्ज्ञांत दोन तट पडले. हैदराबादेतील ब्रिटिश सर्जन एडवर्ड लॉरी यांचे मत होते की श्वास सांभाळला तर हृदयास धोका नाही. निजामांच्या आर्थिक साहाय्याने तेथे १८८८ व १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरी यांच्या बाजूने लागला. या कामात सहभागी असलेल्या हैदराबादच्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांची गणना जगातील आरंभीच्या महिला भूलतज्ज्ञांत होते, याचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. परंतु १९११ साली लंडनचे गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की अपुऱ्या भुलेत क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय एकाएकी विस्कटून मृत्यू येऊ शकतो. श्वासावर लक्ष ठेवा हा लॉरी यांचा आग्रह योग्यच होता, हृदयाला निर्धोक ठरविण्यात ते चुकले. आज क्लोरोफॉर्म इतिहासजमा झाला आहे, आणि भूलतज्ज्ञ श्वास व हृदय या दोहोंवर प्रत्येक क्षणी यंत्रांच्या साहाय्याने नजर ठेवतात.

थकलेल्या हृदयात रक्ताचा प्रवाह मंद असतो. त्यामुळे शिरेतून दिलेले भुलेचे औषध मेंदूपर्यंत पोहोचण्यास अधिक वेळ लागतो. रुग्ण अजून जागा आहे म्हणून घाईने दुसरी मात्रा दिली, तर थोड्याच वेळात दोन्हींचा परिणाम एकदम होऊन रक्तदाब कोसळतो. म्हणून येथे संथपणा हेच कौशल्य असते. औषधे थेंबाथेंबाने, सलाइन मोजून, आणि मोठ्या शस्त्रक्रियेत धमनीत बारीक नळी ठेवून रक्तदाब ठोक्याठोक्याला पाहिला जातो. विकाराच्या प्रकारानुसार नियमही उलटे होतात. पसरलेल्या हृदयास वाहिन्या किंचित सैल झाल्या तर हलके वाटते. वाट अडलेल्या जाड हृदयात मात्र वाहिन्या एकदम सैल झाल्या की अडथळा वाढून रक्त बाहेरच पडेनासे होते, आणि हृदयाला जोर आणणारे औषध दिले तर तो अडथळा आणखी वाढतो. एकाला तारणारे औषध दुसऱ्यास मारते. कण्यात सुई देऊन अर्धे अंग बधिर करण्याचा प्रकार म्हणजे 'साधी भूल' असा समज आहे, पण या दुसऱ्या प्रकारच्या हृदयाला तो जिवावर बेतू शकतो. मोतीबिंदूसाठी तर केवळ थेंब टाकून भागते, अडचण निराळीच असते. ज्याला उताणे निजता येत नाही तो अर्धा तास टेबलावर निजणार कसा? म्हणून आधी धाप उतरवावी आणि मग तारीख घ्यावी. तातडीची नसलेली कोणतीही शस्त्रक्रिया सूज व धाप ताब्यात येईपर्यंत पुढे ढकलली जाते, तेव्हा नातेवाइकांनी ती टाळाटाळ समजू नये.

दुबळ्या हृदयाच्या स्त्रीचे बाळंतपण हा या शास्त्रातील कसोटीचा प्रसंग होय. केवळ हृदयासाठी सिझेरियन करावेच लागते असे नाही. कण्याजवळ बारीक नळी ठेवून वेदना हळूहळू शमविल्या तर कळांचा ताण कमी होतो व नैसर्गिक प्रसूती पुष्कळदा साधते. मूल जन्मास आले की घरात पेढे वाटले जातात, पण डॉक्टरांची चिंता त्या क्षणी वाढलेली असते. गर्भाशय आवळून त्यातील रक्त एकदम हृदयाकडे परत येते आणि दुबळा पंप त्या लोंढ्याखाली सापडतो. म्हणून बाळंतपणानंतरचा पहिला दिवसभर तिला देखरेखीखाली ठेवतात, आणि असे बाळंतपण जेथे भूलतज्ज्ञ व अतिदक्षता विभाग आहे तेथेच व्हावे असे आधीच ठरवून घेणे शहाणपणाचे असते.

कित्येक रुग्ण भूलतज्ज्ञांपासून आपला आजार लपवितात. 'सांगितले तर ऑपरेशन नाकारतील' ही भीती त्यामागे असते. आजार माहीत असेल तर त्याप्रमाणे भूल बदलता येते, माहीत नसेल तर नेहमीचीच मात्रा दिली जाते. जिने चढताना दम लागतो काय, किती उशा लागतात, छातीत पेसमेकर बसविला आहे काय, घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले काय, हे न विचारता सांगावे. शेवटचा इको अहवाल व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. गोळ्यांची नावे पाठ नसली तरी चालते. औषधे आपल्या मनाने थांबवू नयेत. बीटा-ब्लॉकर सहसा शस्त्रक्रियेच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर चालू ठेवतात, डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी नियोजित शस्त्रक्रियेच्या तीन-चार दिवस आधी बंद करतात, आणि रक्तदाबाच्या व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा निर्णय माणसागणिक वेगळा असतो.

शस्त्रक्रियेनंतरचे दोन-तीन दिवस टेबलावरील वेळेइतकेच नाजूक असतात. दिलेले सलाइन आता अंगात फिरू लागते, वेदनेने हृदयाची गती वाढते, आणि वेदनाशामक म्हणून वर सांगितलेल्या गोळ्याच नजरचुकीने लिहिल्या जाण्याचा संभव असतो. घरी निघताना कागदावर एक गोष्ट तपासून घ्यावी : शस्त्रक्रियेसाठी थांबविलेल्या हृदयाच्या गोळ्यांपैकी कोणती, कोणत्या तारखेपासून पुन्हा सुरू करावयाची आहे. ती तारीख लिहिलेली नसेल तर लिहून मागावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून वजनाची वही पुन्हा चालू करावी.